आठ मतपत्रिका आणि एक पेन : चंडीगड महापौर निवडणूक, २०२४

चंडीगड महानगरपालिकेच्या सभागृहात ३० जानेवारी २०२४ रोजी महापौरपदासाठी ३६ मते पडली आणि त्यांपैकी ८ बाद ठरवण्यात आली. उरलेल्या २८ मतांपैकी भारतीय जनता पक्षाचे मनोज सोनकर यांना १६ आणि आम आदमी पक्षाचे कुलदीप कुमार यांना १२ मते मिळाल्याचे सांगून पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांनी सोनकर यांना विजयी घोषित केले. बरोबर तीन आठवड्यांनी, २० फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच ३६ मतपत्रिकांच्या आधारे हा निकाल रद्द केला आणि कुलदीप कुमार २० विरुद्ध १६ मतांनी निवडून आल्याचे जाहीर केले. 'कुलदीप कुमार विरुद्ध केंद्रशासित प्रदेश चंडीगड' हा खटला बहुतेकांच्या लक्षात राहिला तो कॅमेऱ्याकडे नजर टाकत मतपत्रिकांवर पेन चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या चित्रफितीमुळे. मला मात्र त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निकाल चुकीचा असल्याचे उघड झाल्यानंतरचा वाटतो. न्यायालयापुढे फेरनिवडणूक आणि झालेल्या मतदानाची योग्य मोजणी असे दोन मार्ग होते, आणि या दोन मार्गांनी वेगवेगळे महापौर निवडून येणार होते.

हे समजण्यासाठी आधी सभागृहातील संख्याबळ पाहावे लागते. चंडीगड महानगरपालिकेत ३५ निर्वाचित नगरसेवक आहेत, शिवाय शहराच्या खासदारांना पदसिद्ध सदस्य म्हणून मताचा अधिकार आहे. याखेरीज ९ नामनिर्देशित सदस्य असतात, पण त्यांना मतदान करता येत नाही. डिसेंबर २०२१च्या निवडणुकीत आपचे १४, भाजपचे १२, काँग्रेसचे ८ आणि अकाली दलाचा १ नगरसेवक निवडून आला होता. म्हणजे बहुमत कोणाकडेच नव्हते. त्यातच इथल्या महापौराची मुदत एकच वर्ष असल्याने पाच वर्षांत पाच वेळा हीच चुरस व्हायची. जानेवारी २०२२मध्ये भाजपच्या उमेदवार १४ विरुद्ध १३ अशा एका मताने महापौर झाल्या आणि त्या वेळीही आपचे एक मत बाद ठरले होते. २०२३मध्ये निकाल १५ विरुद्ध १४ असा लागला. दोन्ही वेळा काँग्रेस मतदानापासून दूर राहिली होती. सारांश, या सभागृहात एका बाद मताची किंमत काय असते हे तिथल्या प्रत्येक नगरसेवकाला चांगले ठाऊक होते.

२०२४मध्ये चित्र बदलले. लोकसभा निवडणूक तोंडावर आलेली असताना आप आणि काँग्रेस यांनी हातमिळवणी केली. महापौरपद आपने आणि वरिष्ठ उपमहापौर व उपमहापौर ही पदे काँग्रेसने लढवायची, असे ठरले. तोवर फाटाफूट होऊन आपकडे १३ आणि काँग्रेसकडे ७ नगरसेवक उरले होते, तर भाजपचे १४ झाले होते. अकाली दलाचे एक आणि खासदार किरण खेर यांचे एक मत धरले तरी भाजपची मजल १६च्या पुढे जात नव्हती. आघाडीकडे सरळ २० मते होती. मतदान गुप्त असल्यामुळे आणि चंडीगडच्या नगरसेवकांना पक्षांतरबंदीचा कायदा लागू नसल्यामुळे फाटाफुटीची भीती होती, तरी चार मतांचे अंतर काही लहान नव्हते. आपल्याकडे महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी १९८६चा स्वतंत्र अनर्हता अधिनियम आहे आणि महापौराची निवड नगरसेवक हात वर करून करतात, त्यामुळे चंडीगडच्या या परिस्थितीची धार इथल्या वाचकाला एकदम जाणवत नाही.

वादाला मतदानाच्या आधीच तोंड फुटले. निवडणूक १८ जानेवारीला ठरली होती. त्या दिवशी नगरसेवक जमले असता पीठासीन अधिकारी आजारी पडल्याचे सांगण्यात आले आणि उपायुक्तांनी निवडणूक ६ फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलली. त्याविरुद्ध पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेण्यात आली. न्यायालयाने तो आदेश रद्द करून ३० जानेवारीला सकाळी १० वाजता निवडणूक घेण्याचे निर्देश दिले आणि नगरसेवकांनी सोबत समर्थक किंवा दुसऱ्या राज्याचे पोलीस आणू नयेत, असेही बजावले. या पहिल्या फेरीकडे सहसा दुर्लक्ष होते, पण सारी प्रक्रिया न्यायालयाच्या नजरेखाली आली ती तेव्हाच. सभागृहातील कामकाजाचे चित्रीकरण होणार हे संबंधित सर्वांना माहीत होते, पीठासीन अधिकाऱ्यालाही.

हे अधिकारी कोण होते, हेही पाहायला हवे. मसीह स्वतः नामनिर्देशित नगरसेवक होते, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला आपण स्वीकृत नगरसेवक म्हणतो ते, आणि भाजपशी संबंधित होते. चंडीगडच्या नियमांनुसार उमेदवार नसलेल्या नगरसेवकाला पीठासीन अधिकारी नेमता येते, त्यामुळे नेमणूक बेकायदा नव्हती. तरीही एका पक्षाच्या माणसाच्या हाती मतपेटी आणि बाद मताचा निर्णय या दोन्ही गोष्टी सोपवणारा नियम मुळातच अडचणीचा होता, आणि पुढे जे घडले त्यात व्यक्तीइतकाच या नियमाचाही दोष आहे, असे मला वाटते. आपल्याकडे महानगरपालिकेच्या महापौर निवडीत पीठासीन म्हणून सहसा वरिष्ठ सनदी अधिकारी बसतो. त्याने पक्षपात होतच नाही असे नाही, पण निदान मोजणी करणारा आणि मोजणीतून लाभ मिळणारा पक्ष यांच्यात काही अंतर तरी राहते.

निकाल जाहीर होताच सभागृहात गोंधळ उडाला. मतपत्रिका आपल्या प्रतिनिधींना दाखवल्याच नाहीत, अशी आपची तक्रार होती. आप आणि काँग्रेसच्या नगरसेवकांनी पुढच्या कामकाजावर बहिष्कार टाकल्याने उरलेली दोन पदेही त्याच बैठकीत भाजपकडे गेली. कुलदीप कुमार लगेच उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नोटीस काढली, पण निकालाला अंतरिम स्थगिती दिली नाही आणि पुढची तारीख सुमारे तीन आठवड्यांनंतरची दिली. एरवी या आदेशात वावगे काही नाही, कारण निवडणूक निकालाला अंतरिम स्थगिती देताना न्यायालये हात आखडता घेतात आणि त्यामागे सबळ कारण असते. निकाल लागलेला लोकप्रतिनिधी काम करू लागतो, त्याला नुसत्या आरोपावरून थांबवले तर प्रत्येक पराभूत उमेदवार दुसऱ्याच दिवशी न्यायालयाच्या दारात उभा राहील. पण बारा महिन्यांच्या पदासाठी तीन आठवडे म्हणजे मुदतीचा सतरावा हिस्सा, आणि तीही केवळ पहिली तारीख. या हिशेबाकडे उच्च न्यायालयाने पाहिले नाही आणि कुलदीप कुमार यांनी नेमक्या याच कारणाने सर्वोच्च न्यायालय गाठले.

५ फेब्रुवारीला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या पीठाने चित्रफीत पाहिली. ही लोकशाहीची हत्या आहे, असे उद्गार सरन्यायाधीशांनी काढले आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांचे मथळे त्यावरच बेतले. त्या दिवशीच्या आदेशातला खरा महत्त्वाचा भाग मात्र दोन कोरड्या वाक्यांत होता. मतपत्रिका, चित्रफीत आणि निवडणुकीची सारी कागदपत्रे उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलच्या ताब्यात द्यावीत आणि महानगरपालिकेची ठरलेली बैठक पुढे ढकलावी, असे ते निर्देश होते. निवडणुकीच्या वादात पुरावा तपासण्याआधी तो जागेवर राहणे महत्त्वाचे असते. फेरमोजणीच्या मागणीला न्यायालये सहजासहजी मान्यता देत नाहीत, कारण मतदानाची गुप्तता हे मूल्य आहे. याचिकेत नेमका आरोप आणि त्याला प्रथमदर्शनी आधार असल्याशिवाय केवळ शोध घेण्यासाठी पेट्या उघडल्या जात नाहीत. इथे तो आधार चित्रफितीने दिला आणि मूळ पुरावा कोणाच्या हाती पडू नये याची तजवीज पहिल्याच दिवशी झाली.

पुढची सुनावणी १९ फेब्रुवारीला होती. आदल्या दिवशी दोन घटना घडल्या. सोनकर यांनी महापौरपदाचा राजीनामा दिला आणि आपचे तीन नगरसेवक भाजपमध्ये गेले. या दोन बातम्या शेजारी ठेवून गणित मांडले की डावपेच स्पष्ट दिसतो. भाजपचे १६ अधिक ३ म्हणजे १९, आणि आघाडीचे २० उणे ३ म्हणजे १७. पद रिकामे झाल्यामुळे आता वाद संपला, नव्याने निवडणूक घ्या, असे म्हणायला वाट मोकळी झाली होती, आणि नव्या निवडणुकीचा कौल तर मतदानाआधीच ठरलेला होता. सरन्यायाधीशांनी सुनावणीत घोडेबाजाराबद्दल चिंता व्यक्त केली ती या पार्श्वभूमीवर.

त्या दिवशी मसीह स्वतः न्यायालयात हजर होते. पीठासीन अधिकाऱ्याला सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात थेट प्रश्न विचारावेत, हे क्वचितच घडते. खोटे बोललात तर परिणाम भोगावे लागतील, अशी समज देऊनच प्रश्न सुरू झाले. कॅमेऱ्याकडे का पाहत होता, या प्रश्नावर त्यांनी सांगितले की नगरसेवक 'कॅमेरा, कॅमेरा' असे ओरडत होते, म्हणून नजर तिकडे गेली. मतपत्रिकांवर खुणा केल्या का, यावर त्यांनी हो म्हटले. आठ मतपत्रिका आधीच खराब झालेल्या होत्या, त्या इतरांत मिसळू नयेत म्हणून त्यांवर फुलीची खूण केली, असा त्यांचा खुलासा होता. मतपत्रिकेवर अधिकाऱ्याने सही करायची असते, खुणा करण्याचा अधिकार कोणत्या नियमाने दिला, हा न्यायालयाचा पुढचा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हते. माझ्या मते खटला इथेच संपला. खुणा आपण केल्याची कबुली मिळाल्यावर त्या मतपत्रिका 'आधीच खराब' होत्या का, एवढेच तपासायचे उरले होते.

ती तपासणी २० फेब्रुवारीला झाली. न्यायिक अधिकाऱ्याने बंदोबस्तात आणलेल्या मतपत्रिका न्यायाधीशांनी पाहिल्या आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांनाही दाखवल्या. आठही पत्रिकांवर मताचा शिक्का कुलदीप कुमार यांच्या नावासमोर होता आणि त्यात संदिग्ध काहीच नव्हते. त्यांवर वेगळे असे एकच दिसत होते, ते म्हणजे पत्रिकेच्या खालच्या भागात अधिकाऱ्याच्या पेनाने उमटलेली खूण. मत बाद ठरवण्यासाठी कारण तयार व्हावे म्हणूनच ती केली गेली, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

कायद्याचा मुद्दा इथे अगदी नेमका होता. चंडीगड महानगरपालिकेच्या १९९६च्या कामकाज विनियमांत मत बाद होण्याची कारणे मोजकी आहेत : सदस्याने एकाहून अधिक उमेदवारांना मत दिले, किंवा ज्यावरून त्याची ओळख पटेल अशी खूण पत्रिकेवर केली, किंवा मत नेमके कोणाला दिले याबद्दल शंका राहील अशा रीतीने शिक्का मारला, तर ते मत बाद होते. या तिन्ही ठिकाणी कृती मतदाराची आहे. मतदान पूर्ण होऊन पेटी उघडल्यावर दुसऱ्याच कोणी केलेल्या खुणेने मताचे स्वरूप बदलत नाही. हे एवढे स्वीकारले की आठ मते आपोआप वैध होतात आणि १२ मध्ये ८ मिळवून २० होतात. त्यासाठी कोणाचा हेतू सिद्ध करण्याचीही गरज नव्हती. लोकांच्या चर्चेत सारा भर मसीह यांच्या हेतूवर राहिला, पण निकालपत्राचा पाया त्याहून साधा आणि म्हणूनच अधिक भक्कम आहे.

फेरनिवडणुकीचा आग्रह प्रतिवादींनी शेवटपर्यंत धरला होता. निवडणूक प्रक्रिया दूषित झाली असेल तर ती संपूर्ण रद्द करावी, एवढा एक भाग रद्द कसा करता येईल, हा युक्तिवाद ऐकायला न्याय्य वाटतो. न्यायालयाने तो नाकारताना प्रक्रियेचे टप्पे वेगळे केले. मतदान नीट झाले होते, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दोष शिरला तो मोजणीच्या टप्प्यावर. मग ज्या ३६ जणांनी ३० जानेवारीला रीतसर मत दिले त्यांचे मतदान का पुसून टाकायचे? तसे केले असते तर ज्या गैरकृत्यामुळे निकाल रद्द झाला त्याच गैरकृत्याने मिळवून दिलेल्या तीन आठवड्यांचा लाभ दुसऱ्या मार्गाने पदरात पडला असता. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली पूर्ण न्याय देण्याचा अधिकार वापरून न्यायालयाने केवळ निकाल रद्द केला, निवडणूक कायम ठेवली आणि कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केले. न्यायालयासमोर असत्य विधान केल्याबद्दल मसीह यांच्यावर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली कारवाई का करू नये, अशी कारणे दाखवा नोटीस काढण्यात आली. पुढे एप्रिलमध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

आता एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल, कारण तो किरकोळ नाही. अनुच्छेद २४३ झेडजी नगरपालिकांच्या निवडणुकांना निवडणूक याचिकेखेरीज अन्य मार्गाने आव्हान देण्यास मनाई करतो, आणि पंचायतींसाठी २४३ ओ मध्ये तशीच तरतूद आहे. महापौराची निवड ही जनतेने केलेली निवडणूक नसून सभागृहाने आपल्यातून केलेली निवड आहे, त्यामुळे ही मनाई तिला कितपत लागू होते यावर वाद घालता येतो. निकालपत्राने त्या वादात खोल न शिरता असामान्य परिस्थिती आणि अनुच्छेद १४२ यांचा आधार घेतला. परिणाम योग्य होता, तरी हा प्रश्न अधिक विस्ताराने हाताळला असता तर पुढच्या खटल्यांना आधार मिळाला असता, असे वाटल्याशिवाय राहत नाही. अनुच्छेद १४२चा अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडेच आहे, तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाकडे नाही. अधिकाऱ्याच्या खुणेने मतदाराचे मत बाद होत नाही, हे तत्त्व मात्र कोणतेही निवडणूक न्यायाधिकरण उद्यापासून वापरू शकते.

सामान्य मार्गाने गेलेल्या वादाचे काय होते, हे हरियाणातील पानिपत जिल्ह्याच्या बुआना लाखू गावात दिसले. तिथल्या सरपंचपदाचे मतदान नोव्हेंबर २०२२मध्ये झाले आणि ६९ क्रमांकाच्या केंद्रावरील मतांच्या नोंदीवरून वाद सुरू झाला. न्यायाधिकरणाने एप्रिल २०२५मध्ये त्या केंद्राच्या फेरमोजणीचा आदेश दिला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि शेवटी ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदान यंत्रे दिल्लीत मागवून आपल्या अधिकाऱ्यामार्फत सर्व केंद्रांची मोजणी करवली. एकूण ३,७६७ मतांत एकाला १,०५१ आणि दुसऱ्याला १,००० मते निघाली आणि सरपंच बदलला. मोजणीला एक दिवस पुरला, पण तिथवर पोहोचायला पाच वर्षांच्या मुदतीतली पावणेतीन वर्षे गेली. महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे निकालानंतर १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो आणि महानगरपालिकांच्या बाबतीत ही मुदत १० दिवसांची आहे. अर्ज करणाऱ्याला दिवसांचे बंधन आहे, पण निर्णयही पदाची मुदत सरण्याआधी मिळावा याची व्यवहारात हमी कोणी देत नाही. चंडीगडचा वाद २१ दिवसांत सुटला, कारण मते ३६च होती, खोली एकच होती, चित्रफीत उपलब्ध होती आणि अधिकाऱ्याने खुणा कबूल केल्या होत्या. चार-पाच प्रभागांच्या मोजणीत यातले काहीच सहसा हाताशी नसते.

फेरमोजणी आणि फेरनिवडणूक यांतली निवड किती निर्णायक होती, याचा पुरावा दोन आठवड्यांत मिळाला. ४ मार्च २०२४ रोजी वरिष्ठ उपमहापौर आणि उपमहापौर या पदांसाठी पुन्हा मतदान झाले. पहिल्या पदासाठी भाजपला १९ आणि काँग्रेसला १६ मते पडली, एक मत बाद झाले. दुसऱ्या पदाचा निकाल १९ विरुद्ध १७ असा लागला. सभागृह तेच होते आणि महापौरांच्या आसनावर न्यायालयाने घोषित केलेले कुलदीप कुमार होते, पण त्यांच्या बाजूचे बहुमत तोवर गेलेले होते.  न्यायालयाने त्यांना ३० जानेवारीचे मतदान परत मिळवून दिले होते. सभागृहातील संख्याबळ परत मिळवून देणे हे न्यायालयाचे कामही नव्हते.

पुढच्या वर्षी मतदान हात वर करून व्हावे, अशी मागणी घेऊन कुलदीप कुमार पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने मतदानाची पद्धत बदलली नाही, पण निवृत्त न्यायमूर्ती जयश्री ठाकूर यांना स्वतंत्र निरीक्षक नेमले. ३० जानेवारी २०२५ रोजी त्यांच्या देखरेखीखाली मोजणी झाली. या वेळी आप आणि काँग्रेसकडे मिळून पुन्हा २० मते असल्याचे मानले जात होते, तरी भाजपच्या हरप्रीत कौर बबला १९ विरुद्ध १७ मतांनी निवडून आल्या. तीन मते फुटली होती आणि मतदान गुप्त असल्यामुळे ती कोणाची हे सांगता येत नव्हते. त्या निकालाबद्दल मोजणीची तक्रार कोणी केली नाही. त्यानंतर त्याच वर्षी चंडीगड प्रशासनाने विनियमात दुरुस्ती करून महापौराची निवड हात वर करून करण्याची पद्धत आणली.